भिंतींआधी सोलर

राहीबाईच्या घराला अजून भिंती नव्हत्या, तेव्हा एका दुपारी सोलर घेऊन टेम्पो दारात उभा राहिला. दारात म्हणजे, जिथे पुढे दार होणार होतं तिथे. घरकुलाचं नुसतं जोतं झालं होतं. शेवगावच्या पूर्वेकडच्या त्या उघड्या माळावर गुडघ्याइतक्या उंचीचा तो चौथरा लग्नाच्या स्टेजसारखा दिसायचा.

राहीबाई आणि तिचा नवरा गहिनीनाथ ऊसतोडीला जाणारी माणसं. अर्धं वर्ष कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत, उरलेलं अर्धं वस्तीवरच्या पत्र्यात. यंदा मात्र सरकारने नवे नियम काढले आणि घरकुलांचं काम एकदम जोरात निघालं. वर्षानुवर्षं अडकलेली नावं मंजूर झाली, घरकुलाला वाळू मिळू लागली, वर छतावर सोलरसुद्धा! पुढच्या सीझनला निघायच्या आत स्लॅबखाली झोपायचंच, असं राहीबाईने ठरवून टाकलं होतं. तिने ठरवलं म्हणजे गहिनीनाथने वेगळं काही ठरवायचा प्रश्नच नव्हता.

टेम्पोतून योगेश नावाचा फिटर उतरला. त्याने जोत्याकडे पाहिलं, मग गहिनीनाथकडे.

"काका, छत कुठंय?"

गहिनीनाथने मान वर करून एकदा आभाळाकडे बघितलं. "यायचंय," तो म्हणाला.

"अहो, मग मी हे बसवू कुठं? मार्च एंडच्या आत बसवून फोटो टाकायचेत. परत नेलं तर पुन्हा कधी येईल, मी सांगू शकत नाही."

'परत' हा शब्द ऐकताच राहीबाई चुलीपासून उठली. सरकारी वस्तू एकदा माघारी गेली की ती पुन्हा वाट विचारत येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"परत न्यायचं न्हाई. हितंच बसव."

"मावशी, सोलर छतावर बसवायचं असतं."

"छत आलं की वर चढवू. तवर खाली असलं म्हणून ऊन काय लाजतंय व्हय?"

योगेशला अजून बरीच गावं करायची होती. त्याने जोत्याच्या एका कोपऱ्यात चार लोखंडी पाइप रोवले, त्यावर पॅनेल तिरकं बसवलं, खाली बॅटरीची पेटी ठेवली, एक दिवा आणि एक पंखा जोडून दिला. मग राहीबाईला पॅनेलशेजारी उभं करून फोटो काढला. "हसा मावशी," तो म्हणाला. राहीबाई मनापासून हसली. तीच चूक झाली.

पुढचे काही दिवस मात्र मजेत गेले. पॅनेलखाली एका बाजेपुरती सावली पडायची आणि तिथे पंखा फिरायचा. वस्तीवरची वीज दुपारी हटकून जायची, त्यामुळे मोबाईल चार्जिंगला लावायला सगळी वस्ती जोत्यावर येऊ लागली. शेजारची पुष्पावती तर मेथी निवडायचं निमित्त काढून पंख्याखाली ठाण मांडून बसायची.

"राहे, तुझं घर लई हवेशीर हाय गं," ती म्हणायची.

पण भिंतींचा हप्ता काही येईना. गवंडी दोनदा विचारून दुसऱ्या कामावर निघून गेला. शेवटी राहीबाई गहिनीनाथला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली. घरकुलांचं काम बघणारी स्नेहल मॅडम तरुण आणि कामसू होती. तिने कॉम्प्युटरमध्ये नाव शोधलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अभिनंदन मावशी! तुमचं घर पूर्ण झालंय."

"कुणाचं?"

"तुमचंच."

राहीबाईने गहिनीनाथकडे पाहिलं. त्याने आपण काही बांधलं नसल्याची मान हलवली.

"मॅडम, सकाळी निघालो तवा तरी नुसतं जोतं हुतं."

स्नेहलने पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घातलं आणि हळूहळू तिच्या ध्यानात घोळ आला. मशीनच्या हिशोबाने आधी पाया, मग जोतं, मग भिंती, मग स्लॅब आणि सगळ्यात शेवटी सोलर. सोलरचा फोटो आला, म्हणजे त्याच्या आधीचं सगळं झालंच असणार, असं मशीनने गृहीत धरलं होतं. आणि पूर्ण झालेल्या घराला हप्ता कशाला लागतो?

"मग मागं घ्या की," राहीबाई म्हणाली.

"मागं घ्यायचं बटणच नाही हो मावशी. आम्हाला फक्त पुढं नेता येतं. मी जिल्ह्याला कळवते."

जिल्ह्याने वर कळवलं. वरून उत्तर आलं की प्रकरण तपासलं असून घर पूर्ण आहे, फोटोतील लाभार्थी समाधानी दिसत आहे. राहीबाईने ते उत्तर स्नेहलकडून दोनदा वाचून घेतलं. मग ती तडक गटविकास अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये शिरली. साहेब नवीनच बदलून आले होते आणि कुठल्याशा बैठकीला निघायच्या घाईत होते.

"घर पूर्ण झालंय ना? मग तक्रार कसली?" कागद आवरत साहेबांनी विचारलं.

राहीबाईने तोंडापर्यंत आलेलं भांडण गिळलं. उभ्या माणसाशी भांडून उपयोग नसतो, तो निघून जातो. त्याला आधी बसवलं पाहिजे.

"तक्रार न्हाई साहेब. आमच्यात घर झालं की मोठ्या मानसाला जेवू घालायची रीत हाय. गुरुवारी नव्या घरी जेवायला या."

त्या खुर्चीसमोर आजवर कोणी जेवायचं आमंत्रण घेऊन आलं नव्हतं. साहेब विरघळले. "येतो की! फोटोही घेऊ छानसा," ते म्हणाले. मागे उभ्या असलेल्या स्नेहलला ठसका लागला.

गुरुवारी भर दुपारी साहेबांची जीप माळावर आली. साहेबांनी चौफेर पाहिलं. पत्र्याचा आडोसा दिसला, बाभळ दिसली, रांगोळी काढलेला एक चौथरा दिसला. घर काही दिसेना. "घर कुठंय?" त्यांनी स्नेहलला विचारलं. स्नेहलने रांगोळीकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात राहीबाई लगबगीने पुढे आली. साहेब जवळच्या बाजूने जोत्यावर चढायला गेले, तशी ती ओरडली, "अवो साहेब, भितीतून कुठं येताय? दार हिकडून हाय!"

साहेबांनी वर टाकलेला पाय खाली घेतला आणि वळसा घालून दोन विटांच्या पायरीवरून ते 'आत' आले.

"ही पडवी. ही बसायची खोली. तिकडं सैपाकघर," राहीबाई हात करत होती. "तुमच्या मशीनीत जसं हाय तसंच हाय बगा. बसा."

साहेबांना काय घडलंय ते कळलं होतं. पण ताट वाढून तयार होतं, वस्तीतली माणसं भोवती उभी होती, आणि पाहुण्याने ताटावरून उठून जायचं कसं? ते पॅनेलच्या सावलीत, पंख्यासमोर बसले. पुरणपोळी, आमटी, कुरडई, सगळं झकास होतं. मात्र जोतं तव्यासारखं तापलं होतं आणि सावली एका जागी थांबत नव्हती. साहेब दर थोड्या वेळाने ताटासकट सरकत होते.

"साहेब आता सैपाकघरात गेले," खाली उभी राहून पुष्पावती सगळ्यांना सांगत होती.

दुसऱ्या पोळीला साहेब काकुळतीला आले. "बाई, मला पटलं. यावर एक मार्ग आहे. न बांधलेलं घर मशीनमध्ये दाखवता येत नाही, पण पडलेलं घर दाखवता येतं. मागच्या आठवड्यात वादळ झालं ना? त्यात घर पडलं असं लिहून द्या. पंचनामा करू, नव्याने मंजुरी देऊ."

गहिनीनाथचा चेहरा उजळला. त्याने अंगठा पुढे केलासुद्धा. राहीबाईने तो धरून खाली ठेवला.

"न्हाई साहेब. माझं घर अजून उभं राह्यलं न्हाई, अन् त्याच्या आधी मी ते पाडू व्हय? वादळानं माझं काय वाकडं केलं न्हाई. त्याच्यावर आळ कशापायी घालू?"

"अहो, नुसतं लिहायचंय."

"आज नुसतं लिवलं, अन् उद्या खरंच वारं आलं तर मग काय लिवू? तुमी वर फोन लावा. तवर मी आमटी गरम करते."

साहेबांनी घाम पुसला आणि फोन लावला. वरच्या कार्यालयातला आवाज सगळ्या वस्तीला ऐकू येत होता.

"सर, मी लाभार्थ्याच्या घरात बसून बोलतोय. इथं घर नाहीये."

"घरात बसलाय ना तुम्ही?"

"हो सर."

"मग घर आहे की!"

"सर, घरात म्हणजे... उन्हात बसलोय."

"फोटो पाठवा."

साहेबांनी फोटो पाठवला. क्षणभराने आवाज आला, "तुमच्या डोक्यावर छत दिसतंय हो."

"ते सोलर आहे सर!"

"सोलर आहे म्हणजे घर आहे."

आता साहेबांचाही पारा चढला. त्यांनी ताट बाजूला सारलं, व्हिडिओ कॉल लावला, आणि तो भला माणूस भर उन्हात जोत्यावर चारी बाजूंनी फिरला. "ही बसायची खोली, दिसते का सर? हे स्वयंपाकघर! ही भिंत बघा, या भिंतीतून मी आता हात बाहेर काढतोय! पाय काढू? हा बघा पाय!" आणि पाय बाहेर काढण्याच्या भरात ते जोत्यावरून खाली बाभळीच्या काटेरी फांद्यांत पडले. फोन मात्र त्यांनी सोडला नाही. वरच्या कार्यालयाला थोडा वेळ आभाळ दिसलं, मग काटे दिसले, मग कण्हणं ऐकू आलं.

"अहो, लागलं का?" वरून घाबरलेला आवाज आला. "पण तुम्ही भिंतीतून पडलात कसे?"

"भिंत नाहीये म्हणून पडलो!" साहेब गरजले.

हा पुरावा वरच्या कार्यालयाला अमान्य करता आला नाही. गहिनीनाथ साहेबांच्या पाठीतले काटे काढत असतानाच स्नेहलच्या मोबाईलवर नोंद बदलली. घर जोत्यावर आलं. स्नेहलने आनंदाने टाळी वाजवली, राहीबाईने साहेबांच्या जखमांना हळद लावली आणि वर तिसरी पोळी खायला लावली.

त्यानंतर राहीबाईने कोणाला उसंत दिली नाही. हप्ता आला त्याच दिवशी तिने गवंड्याला दुसऱ्याच्या कामावरून उठवून आणलं. विटा तिने स्वतः वाहिल्या, पाणी गहिनीनाथने मारलं, आणि स्लॅबच्या दिवशी सगळी वस्ती पाट्या घेऊन उभी राहिली. ऊसतोडीला न्यायला मुकादमाची गाडी यायच्या बऱ्याच आधी घर उभं राहिलं, रंगलं, पॅनेल वर चढलं.

घर झाल्यावर पहिल्याच दुपारी दोघं आत आडवी झाली. राहीबाई या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. जन्म कोपीत आणि पत्र्यात गेलेला. इथून ना रस्ता दिसत होता, ना पुष्पावतीचा आवाज येत होता.

"अवो," ती शेवटी म्हणाली, "लई कोंडल्यासारखं हुतंय. त्या रस्त्याकडची एक भित काढली तर?"

लग्न झाल्यापासून गहिनीनाथने बायकोला कधी नाही म्हटलं नव्हतं. तो उठून बसला. नव्या भिंतीला त्याने पाठ टेकवली, पाय लांब केले आणि शांतपणे म्हणाला,

"न्हाई."

 राहीबाईने सतरंजी उचलली आणि झोपायला बाहेर ओट्यावर गेली.