मनोहररावांचा ऑर्किड-अभ्यास

मनोहर चंपतराव गजभिये, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार प्रताप नगर, यांनी ऑर्किडविषयी दोन ग्रंथ वाचले होते. त्यामुळे सूनबाई रीना प्रशिक्षणासाठी पुण्याला निघाली तेव्हा तिच्या सूचना ऐकून घेणे त्यांना अपमानास्पद वाटले.

"बाबा, ऑर्किड कूलरमागं टांगलंय. माझी आई गेली, तिच्या अंगणातल्या आंब्यावरचं हे शेवटचं. रोज नुसतं पाणी शिंपडा. दिसायला ते..."

"दिसायला कसे असते ते मी जाणतो." (ग्रंथांत चित्रे नव्हती, हे त्यांनी सांगितले नाही.)

एप्रिल तापला. कूलरच्या ताट्यांतील गवत मनोहरराव दरवर्षी स्वहस्ते बदलत. यंदा मागे झाडाच्या सालीला चिकटलेला मुळ्यांचा झुबका लोंबताना दिसला. पान एकही नाही. सुटलेले गवत समजून, काहीही वाया न घालवण्याच्या तत्त्वानुसार, त्यांनी तो सालीसकट ताटीच्या विरळ कोपऱ्यात कोंबला.

शेजारीच टांगलेल्या कुंडीत मांसल पानांचे नाजूक रोपटे होते. ऑर्किड आपल्या अवयवांत पाणी साठवते, असे ग्रंथात नमूद होते. निष्कर्ष उघड होता. सकाळ-संध्याकाळ फवारा, दुपारी ओले फडके, अशी सेवा सुरू झाली.

रीना परतली त्या दिवशी त्यांनी शेजारच्या जिजाबाईंना चहाला बोलावले आणि कुंडी ट्रेमध्ये ठेवून बाहेर आणली.

"या वनस्पतीच्या कुळाविषयी दोन शब्द सांगतो."

"भाऊजी, हे त चिवळ होय! बेसन लावून मस्त भाजी होते. फडकं काहून गुंडाळून राहिले?"

"अहो, हे ऑर्किड आहे."

"असन. आमच्या घरी भाकरीसंगं खातात."

रीना हसली नाही. "बाबा, कूलरमागच्या मुळ्या कुठं आहेत? सालीवरच्या?"

मनोहररावांना ग्रंथ आठवला. काही ऑर्किडना पाने नसतातच, हे वाक्य त्यांनी वाचले होते. त्याखाली रेघही ओढली होती.

"कूलरमध्ये," ते पुटपुटले. "गवत कमी पडत होते."

रीना धावली. तिने ताटी उघडली. ओल्या गवतात मुळ्या हिरव्यागार होत्या, आणि त्यांतून कळ्यांचा एक बारीक दांडा डोकावत होता. तिने ताटी जिजाबाईंसमोर धरली.

"जगलं वं, मावशी!"

"जगनारच. भाऊजींचं सारं लक्ष चिवळवर व्हतं ना!"

मनोहररावांनी सुनेची क्षमा मागितली, तीही चिवळीकडे पाहत.

तेव्हापासून ऑर्किडला पाणी रीना घालते. ती गावी गेली की जिजाबाई घालतात. मनोहररावांकडे चिवळ सोपवली आहे.