दाराच्या बापाला हाक

बायकोला पहिलं मोठं काम मिळालं होतं, एका वसतिगृहाची सगळी कपाटं. दारांची चित्रं तिने कॉम्प्युटरवर काढून ठेवली होती. आता एकेक दार वेगळं सेव्ह करून संध्याकाळच्या आत सुताराकडे पाठवायचं, नाहीतर त्याचं मशीन दुसऱ्याच्या कामाला लागणार होतं. दारं दोनशेच्या वर. क्लिक करून करून तिची बोटं आखडली, तेव्हा नवरा म्हणाला, "ऊठ तू. मी स्क्रिप्ट लिहितो. बाहेरून हुकूम सोडला की तुझं सॉफ्टवेअर मुकाट्याने कामाला लागेल."

(कचेरीतल्या एक्सेलवर त्याने असे हुकूम सोडले होते. एक्सेलने त्यातले काही ऐकलेही होते.)

हे सॉफ्टवेअर मात्र हट्टी निघालं. स्क्रिप्टमधून विचारल्यावर दाराने उंची सांगितली, रुंदी सांगितली. पण 'सेव्ह हो' म्हटलं की उत्तर एकच, दाराला असलं काही येत नाही.

"मी हातानेच करते," बायको घड्याळाकडे बघत म्हणाली.

नवऱ्याने घाईघाईने कचेरीतल्या कॉम्प्युटरवाल्या मित्राला फोन लावला.

"अरे, दार म्हणून विचारलंस तर ते दारापुरतंच बोलणार," मित्र म्हणाला. "सेव्ह करणं त्याच्याकडे वारशाने आलंय, ड्रॉइंगकडून. ड्रॉइंग त्याचा बाप. तेच दार ड्रॉइंग म्हणून हातात घे आणि मग माग."

"म्हणजे वारशाचंच आहे," नवरा मोठ्याने म्हणाला, "पण बापाचं नाव घेतल्याशिवाय पदरात पडणार नाही?"

बाहेरच्या खोलीत सासरे पेपर वाचत होते. पेपर खाली आला. उंबऱ्याशी येऊन ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, मी अजून आहे. काय हवंय ते तोंडावर मागा."

"तुमच्याकडून काही नको, बाबा. दाराच्या बापाकडून हवंय."

सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं. "यांना ताप आहे का गं?"

तिने त्यांना समजावेपर्यंत नवऱ्याने एक ओळ वाढवली. दाराला ड्रॉइंग म्हणून उभं केलं आणि हुकूम सोडला. पहिलं दार सेव्ह झालं. दुसरं झालं. मग पडद्यावर दारांची अशी रीघ लागली, की चहा गाळून होईतो सगळी सुताराकडे पोचलीसुद्धा.

"ताई, मशीन लावतोय," सुताराचा फोन आला.

बायकोने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. तो खुर्चीत असा रेलला, जणू सॉफ्टवेअर त्याच्याच घराण्यातलं होतं.

बाहेर सासरे सासूबाईंना फोनवर सांगत होते, "झालं पोरीचं काम वेळेत. छे, जावयांच्या एकट्याच्याने कुठलं होतंय? शेवटी बापालाच मध्ये घालावं लागलं."