तिसऱ्या पायरीचा अहवाल

माणूस पडतो हे खरं. पण तो का पडला हे संगणकावर सिद्ध होत नाही तोवर तो नुसता आडवा झालेला असतो. थोरल्या बाईंना हे त्यांच्या मुलाने समजावलं, आणि त्याच्या शिक्षणात बावीस वर्षं गेलेली असल्याने त्यांनी ते ऐकून घेतलं.

बाब साधी होती. घरातल्या लाकडी जिन्याची तिसरी पायरी डुगडुगत होती, आणि बाईंची खोली वर. बाई म्हणाल्या, सुताराला बोलवा. पण सुतार म्हणजे अंदाज, आणि अंदाजाचा मुलाला तिटकारा. त्याचं कामच मुळी कुठल्याही वस्तूचे संगणकात बारीक तुकडे करून कुठला तुकडा कधी मोडेल ते सांगण्याचं. (याला फायनाइट एलिमेंट मॉडेल म्हणतात.) गाड्यांच्या धडकेतल्या बरगड्या, पुलांचे खांब, सगळं त्याने कुणालाही न दुखवता मोडून ठेवलं होतं. त्याने जिन्याचे ऐंशी हजार तुकडे केले आणि आईचे तीन लाख. एकट्या खुब्याचेच बावीस हजार. (इतकं बारीक बाईंना त्यांच्या सासूनेही चिरलं नव्हतं.)

निकाल लागेपर्यंत बाईंनी वर जायचं नाही, असं ठरलं. खाट बैठकीत आली. चाळीस वर्षं स्वतःच्या खोलीला आतून कडी लावून झोपलेली बाई आल्यागेल्यासमोर कूस बदलू लागली. गणित सहा आठवडे चाललं.

निष्कर्ष असे: पायरी नऊशे किलो पेलते. ती डुगडुगत नाही. आई पडल्यास उजवा खुबा मोडेल, डावा सुखरूप.

"डुगडुगत नाही? पाय ठेवून बघ की."

"आई, पायरी भिंतीत घट्ट बसलीय असं धरूनच गणित मांडलंय."

"आणि मला किती किलोची धरलंस?"

मुलगा चष्मा पुसू लागला. शेवटी सुनेनेच सांगितलं, "सत्त्याहत्तर. आणि पुरुष. संगणकात तयार शरीर तेवढंच मिळतं म्हणे."

बाई एक्केचाळीस किलोच्या. पण रागावल्या नाहीत. इतकी वर्षं घर चालवल्यावर एकदाच्या त्या कागदोपत्री कर्ता पुरुष ठरल्या होत्या.

पुढे मुलाचे विभागप्रमुख जातीने जिना पाहायला आले. बाईंनी खाटेवरूनच बजावलं, तिसरी सोडून चढा. पण त्यांनी अहवाल वाचलेला होता. त्यांनी तिसरीवरच ठाम पाय ठेवला, आणि बसल्या बसल्या घसरत खाली आले. डावा खुबा मोडला. मॉडेलात डावा सुखरूप असल्यामुळे त्यांचं कण्हणं तळटिपेत 'अपवाद' म्हणून नोंदवलं गेलं.

सगळे त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. बाईंनी अहवालाच्या जाड प्रतीची घडी घातली, पायरीच्या फटीत बत्त्याने ठोकून बसवली आणि खाट तिथेच सोडून वर गेल्या.

मुलाने परत आल्यावर पायरीवर पाय ठेवला. हलेना. दुसरा ठेवला. तरी हलेना.

"बघ आई," तो खालून म्हणाला, "मॉडेल बरोबरच होतं."

वरून फक्त कडी लागल्याचा आवाज आला.

तुम्ही हसू नका. तुमच्याही घरात एक खुर्ची डुगडुगते. तिच्या कुठल्या पायावर भार द्यायचा नाही हे तुम्हाला पाठ आहे, म्हणून ती दुरुस्त होत नाही, आणि पाहुणा आला की तीच पुढे करता.