वादळाला धूर

वादळ येणार म्हणून बंदरावरचा भोंगा सकाळपासून बोंबलत होता, आणि भिवाची होडी अजून पाण्यातच होती. बाकी सगळ्यांच्या होड्या वाडीने मिळून वर ओढल्या होत्या. होडी ओढायला पंधरा-वीस माणसं लागतात, आणि शिमग्यात पालखी आधी रावजीच्या अंगणात गेली म्हणून भिवाने साऱ्या वाडीशी बोलणं टाकलं होतं.

"रावजीभावजींना हाक मारा," बायको गुणवंती म्हणाली. "होडी फुटली तर खायचा काय? मान?"

"मी नाय कोनाच्या दारात जायचो."

ओट्यावर त्यांची लेक वेदिका कॉलेजच्या प्रोजेक्टची तयारी करत होती. तिला श्रोता हवाच होता. "पप्पा, ऐका ना. समुद्र तापला की वादळाला जोर चढतो. पण सगळंच सारखं नसतं. गाड्या-कारखान्यांतले वायू उष्णता कोंडून धरतात. धूर उलट ऊन अडवतो, त्याच्याखाली पाणी जरा थंड राहतं, म्हणून वादळही जरा नरम पडतं, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. हवा साफ झाली की मग..."

"धुरानं वादळ नरम पडतं?"

"अख्ख्या देशाचा धूर, पप्पा! वर्षानुवर्षांचा!"

पण भिवा चपला घालून निघालाही होता. गोठ्यात डासांना धूर, बागेत मोहोराला धूर. धुराने सुटला नाही असा प्रश्न त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. शिवाय या इलाजाला रावजी लागत नव्हता.

त्याने धक्क्यावर, होडीच्या पुढच्या टोकापाशी, नारळाची ओली सोडणं, म्हणजे सोललेली सालं, रचून पेटवली. वारा होताच. घटकाभरात होडी दिसेनाशी झाली.

"भिवाची होडी पेटली गो बायो!" शेजारची मालन किंचाळली.

भांडण भांडणाच्या जागी, आग आगीच्या जागी. अख्खी वाडी बादल्या घेऊन धावली. सगळ्यांत पुढे लुंगी खोचून रावजी.

"वर घ्या आधी! ओढा रे!"

"अरे, पेटली नाय! इलाज चाललाय!" भिवा घसा फोडून सांगत होता. पण त्याच्याशी बोलणं बंद होतं, त्यामुळे कोणी ऐकलं नाही. होडी थेट माडांखाली जाऊन थांबली. मग धूर निवळला आणि सगळ्यांना सोडणं दिसली.

"वेदिका," भिवा समोर उभा असताना रावजी म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, डोक्याला तेल थापीत जा म्हणावं."

त्या रात्री वादळाने कौलं उडवली. होडी जिथे नांगरली होती, तिथला धक्काही फुटला. होडीला मात्र ओरखडा नाही.

"बघितलंस? धूर!" भिवा म्हणाला. वेदिकाने कपाळावर हात मारला.

समुद्र निवळला तशा वाडीच्या होड्या पाण्यात गेल्या. भिवाची माडांखालीच. गुणवंती रोज म्हणे, "आता तरी हाक मारा," आणि भिवा रोज आभाळाकडे बघे.

शेवटी एका सकाळी तो सोडणं भिजवायला बसला.

"आता कशाला?" गुणवंती म्हणाली. "वादळ गेला ना!"

"होडी लोटायचीय," भिवा म्हणाला आणि काडी ओढली.

धूर माडांच्या वर गेला तशी वाडी आली. पुढे लुंगी खोचून रावजीच होता. या वेळी बादली मात्र कोणीच आणली नव्हती.