पडद्याची तहान

ज्या वर्षी मुकुंदवाडीत नळाला आठव्या दिवशी पाणी येई आणि मी पिंपाच्या झाकणाला कुलूप लावून झोपत असे, त्या वर्षी आमचे तळमजल्यावरचे शेजारी सोपानकाका खिडकीच्या पडद्याला पाणी पाजत. ‘पाजत’ हा त्यांचाच शब्द. कुणी हटकले की म्हणत, “तान लागती त्याला बी.”

तरुणपणी काका सोयगावकडच्या जत्रांतून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमात कामाला होते. काम एकच: पडद्यावर पाणी मारायचे. पुरुष यंत्राच्या बाजूला बसत, बायका पडद्यामागे; आणि कापड ओले असेल तरच चित्र पलीकडे झिरपे. ते सुकू लागले की मागून ओरडा होई, “पाणी मार रं!” त्यातला सर्वांत खणखणीत आवाज ज्या मुलीचा, तिच्याशीच काकांनी लग्न केले. त्या अनसूयाकाकू. मागून सारे उलटे दिसे, त्यामुळे सिनेमातली माणसे जन्मतः डावखुरी असतात, असा काकूंचा ठाम समज होता. काकांनी तो आयुष्यभरात मोडला नव्हता.

त्या दिवाळीला पुण्याच्या लेकीने काकांना घरगुती प्रोजेक्टर धाडला आणि सोबत एक चित्रफीत: हिरव्या लुगड्यातली एक बाई पणत्या लावते आहे. यंत्र घरात, पडदा खिडकीला, आणि शोभा रस्त्यावरच्यांसाठी. वसुबारसेच्या चार दिवस आधी चाचणीसाठी काकांनी मला बाहेर उभे केले.

“दिसतं का वो ताई?”

“धूसर दिसतंय.”

सपकन तांब्याभर पाणी पडद्यावर आले. ओल्या मांजरपाटाचा वास दरवळला, आणि ते लुगडे असे गर्द हिरवे झाले की धुळीने चुरचुरणाऱ्या माझ्या डोळ्यांना गारवा वाटला. घशाला मात्र कोरड पडली. नळ यायला अजून पाच दिवस होते.

वरच्या गॅलरीतून देशमुखबाई कडाडल्या, “अहो काका, डाव्या हातानं दिवा लावतेय ती! ऐन सणात हे काय?”

चित्र सुलटे करण्याची सोय मी आत जाऊन रिमोटवर शोधून काढली. काकांनी रिमोट हिसकावूनच घेतला.

“ऱ्हाऊ द्या. सुलटं केलं तर तिला वळखू यायचं नाय.”

‘तिला’ म्हणजे काकूंना. आदल्या वर्षी त्या बरेच महिने जालन्याकडच्या भावाकडे राहायला गेल्या होत्या. परत येईपर्यंत आमच्या शेजारी आमच्यासारख्याच तीन पिवळ्या इमारती उभ्या राहिल्या. काखेत गाठोडे घेऊन काकू स्वतःच्याच फाटकावरून तीनदा गेल्या, शेवटी परक्याचे दार ठोठावले, आणि तिथली माणसे हसली. “ज्ये घर मला वळखू येत नाय, त्ये माझं कसलं?” एवढेच बोलून आठवड्याभरात त्या भावाकडे परतल्या. या दिवाळीला त्यांचा निरोप होता: वसुबारसेला संध्याकाळच्या गाडीने येते; स्टेशनवर यायचे नाही; घर सापडले तर राहीन, नाहीतर आल्या वाटेने जाईन.

पडदा ओला ठेवता यावा म्हणून काका तीन दिवस आंघोळीवाचून राहिले. त्यातून साठली एक बादली.

वसुबारसेला दिवेलागणीच्या वेळी आम्ही दोघे खिडकीबाहेर उभे होतो. स्टेशनाकडून गाडीची शिटी आली. माणसे आली, गेली. काका दर दोन मिनिटांनी पाणी मारत आणि विचारत, “गर्द हाय न्हवं?” रस्त्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. मग तांब्या बादलीच्या तळाशी खरवडला. कापड कडांकडून पांढुरके होऊ लागले. आधी पणत्या विझल्यासारख्या झाल्या, मग लुगडे विटले.

मी घरात गेले, पिंपाचे कुलूप काढले, आणि भरली बादली घेऊन पायऱ्या उतरत होते, एवढ्यात फाटकापाशी आवाज आला. खणखणीत.

“आवो, पडदा सुकलाय की! पाणी मारा!”

काका वळले नाहीत. त्यांनी माझ्या बादलीत तांब्या बुडवला आणि सारा जोर लावून पाणी फेकले. पण नेम असा चुकला की पडदा कोरडाच राहिला, आणि खिडकीखाली मी सकाळी काढलेली रांगोळी तेवढी वाहून गेली.