उत्तमरावांची एकशे चौदा मुलं

उत्तमराव नाचणे यांच्या दानधर्माची सुरुवात कोथिंबिरीच्या एका जुडीपासून झाली. रविवारी सकाळी उर्मिलाबाईंनी पोहे फोडणीला टाकले आणि घरात कोथिंबीर नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं. खाली जाऊन आणा म्हटल्यावर उत्तमरावांनी नेहमीप्रमाणे मोबाईल काढला. कोथिंबीर, लिंबं, हिंग मिळून एकशे शहाऐंशी रुपये साठ पैसे. बिलाखाली एक बारीक चौकोन होता. बिल पूर्ण रुपयात करा, वरचे पैसे गरजू मुलांना द्या. उत्तमरावांनी चौकोनावर बोट ठेवलं. (ते चुकून पडलं, असं उर्मिलाबाई अजून म्हणतात.) लगेच स्क्रीनवर फुगे उडाले आणि अक्षरं आली, 'धन्यवाद, उत्तम! आज तुम्ही एका मुलाच्या चेहऱ्यावर हसू फुलवलंत.'

तीस वर्षं विमा कंपनीत हेडक्लार्की केलेल्या माणसाला असं कधी कोणी म्हटलं नव्हतं. निरोप समारंभात साहेबांनी त्यांचं आडनावसुद्धा चुकीचं घेतलं होतं. उत्तमरावांनी तो संदेश तीनदा वाचला. पोहे गार झाले, पण त्यांना ते गोड लागले.

त्या दिवसापासून घरात सगळं सुटंसुटं येऊ लागलं. जिरं वेगळं, मोहरी वेगळी, काडेपेटी तर एकटीच. दर वेळी एक मूल हसायचं आणि उत्तमराव कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी एक रेघ मारायचे. आणून देणाऱ्याला पंचवीस रुपये आणि पोराला चाळीस पैसे, हा कुठला शहाणपणा, असं उर्मिलाबाईंनी विचारून पाहिलं. मुलाचं हसू पैशात मोजायचं नसतं, असं सांगून उत्तमरावांनी आणखी एक काडेपेटी मागवली.

आता एवढं पुण्य पोटात ठेवणं काही सोपं नसतं. खाली कंपाउंडमध्ये कोणी भेटलं की उत्तमराव सहज बोलल्यासारखं म्हणायचे, "आज दोन मुलं झाली." हे होताहोता सेक्रेटरी जितेंद्रभाईंच्या कानावर गेलं. त्यांनी विचारलं, एकूण किती. उत्तमरावांनी कॅलेंडर तोंडपाठ असल्यासारखा आकडा सांगितला, एकशे चौदा.

जितेंद्रभाईंनी चष्मा काढून पुसला. "एकसो चौदा बच्चे संभालते हो, और आप बोलते भी नहीं?"

उत्तमराव खरोखरच पुढे काही बोलले नाहीत. घोळ झाला तो इथे.

त्यांच्या न बोलण्याला कारण होतं. त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये चार जुने पंखे आहेत आणि प्रत्येकाच्या पात्यावर देणगीदाराचं नाव लाल रंगात लिहिलेलं आहे. समोरच्या हरिश्चंद्र साव्यांचं नाव गेली सहा वर्षं उत्तमरावांच्या डोक्यावर फिरतंय. नुकताच पाचवा पंखा लागला होता आणि त्याची पाती अजून कोरी होती. कमिटीने ठरवलं, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर उत्तमरावांचा सत्कार करायचा आणि पंख्यावर त्यांचं नाव घालायचं. पुढचे आठ दिवस उत्तमराव रोज हॉलमध्ये जाऊन मान वर करून उभे राहायचे. आपलं नाव कुठेतरी असावं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि त्यात वाईट काही नव्हतं.

सव्वीस तारखेला जितेंद्रभाईंनी 'एकशे चौदा मुलांचे पालनकर्ते' म्हणून शाल घातली, नारळ दिला. पहिल्या रांगेत उर्मिलाबाई साडीच्या पदराचे काठ तपासत बसल्या होत्या. उत्तमरावांनी तिकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात तळमजल्यावरचे कॅजिटन अंकल उठले. उत्तनच्या समुद्रात उभा जन्म मासेमारीची जाळी ओढण्यात गेलेला हा म्हातारा, आता मुलीकडे राहतो. त्यांनी खिशातून पाचशेची घडी केलेली नोट काढली आणि उत्तमरावांच्या हातात कोंबली.

"उत्तम, तुज्यासारखी ऐपत माजी न्हाय," ते म्हणाले. "पन एक पोर मला दे. जमंल तवर बगतो."

त्यांच्या हाताला जाळ्याच्या दोरीचे जुने वळ होते. उत्तमरावांना सगळ्या सोसायटीचं कौतुक गिळता आलं असतं, पण ती नोट गिळता येईना.

"अंकल," ते म्हणाले, "माझ्या एकशे चौदा मुलांना मिळून मी बावन्न रुपये दिलेत."

मग त्यांनी कोथिंबिरीपासून काडेपेटीपर्यंत सगळं सांगून टाकलं. जितेंद्रभाईंचा धान्याचा धंदा, त्यांना भाव काढायला वेळ लागत नाही. "मतलब इस रेट से अंकल के पाँचसौ में हज़ार से ऊपर बच्चे," ते म्हणाले, आणि मग जो हशा झाला त्यात साव्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

उत्तमरावांनी अंगावरची शाल काढली आणि अंकलच्या खांद्यावर घातली. अंकल नको नको म्हणत राहिले. कोणीतरी नारळाचं ताट पुढे केलं, त्यात पहिली नोट अंकलची, दुसरी उत्तमरावांची (विसाची हिरवी नव्हे, पाचशेचीच). दुपारपर्यंत ताटात अकरा हजार जमले आणि ते त्याच मुलांच्या संस्थेला गेले. घरी जाताना जिन्यात उर्मिलाबाई म्हणाल्या, "आज मला तुमचा अभिमान वाटला हो."

पंख्यावर अर्थात कॅजिटन अंकलचं नाव लागलं. पण सुरुवात तुमचीच, म्हणून कमिटीने त्याच्या बटणाखाली बारीक अक्षरांत 'उ. नाचणे' असं लिहून घेतलं. थंडी होती, पंखा लावायचा प्रश्न नव्हता. तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला उत्तमराव बटण दाखवायचे. पंखा अंकलचा असला तरी तो चालवणारे आपण, असं त्यांचं म्हणणं.

मार्चमधल्या मीटिंगला उकाडा होता. उत्तमराव छाती काढून बोर्डाकडे गेले आणि बटण दाबलं. पंखा हलला नाही. तीनदा दाबलं, तरी नाही. वायरमन दशरथ तिथेच होता.

"काका, अंकलचा पंखा शेजारच्या बटणावर आहे. तुमचं कशालाच जोडलेलं नाही," तो म्हणाला. "पंखे पाच, बोर्ड मिळाला सहाचा. भोक दिसायला नको म्हणून एक बटण वरचं बसवलं."

उर्मिलाबाईंनी शेजारचं बटण दाबलं आणि वारा सुरू झाल्यावर पदर सावरत म्हणाल्या, "बरोबर आहे. वरचे चाळीस पैसे ते."