टेपचं दुसरं टोक

मी बी.ए. झालो, तरी आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाला सही येत नव्हती. बाहत्तर साली विहीर आटली, बैल गेले आणि सगळं घर शेवगावच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडायला लागलं. हजेरीपटावर एक माझी सही, बाकी नुसते निळे अंगठे.

त्यात माझी आत्या, सोनाबाई. मुकादम खडीचा ढीग मोजायला आला की टेपचं दुसरं टोक हिच्या मुठीत. मुकादम वैतागायचा. "आत्याबाई, तुमी मेल्यावर खड्डाबी तुमीच मोजा!"

"मोजीन की. आखूड निघाला तर उठून बसंन."

दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली मी मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचो. पाट्या सहाच. दहापैकी दहा मिळाले की पाटी दुसऱ्याला देऊन वर्ग सोडायचा, हा माझा नियम. आत्याला हवी होती फक्त सही. पहिल्याच दिवशी मी गुण द्यायला गेलो, तर तिनं मनगट धरलं.

"लिवलं मी, आन् माप तू एकटाच घेनार व्हय रं?"

मला राग आला. मी पदवीधर, आणि ही मला शिकवणार! पण सगळे तिच्याच बाजूचे. शेवटी ठरलं, आधी ज्यानं त्यानं आपले गुण सांगायचे, मग मी. दोघांचे जुळले तरच खरे. गणपातात्यांनी स्वतःला दहापैकी बारा दिले. "दोन उन्हाचे," म्हणाले.

आत्या स्वतःला चार द्यायची. पुढं सही झकास यायला लागली, तरी सहाच. "वळन बसंना अजून." मी दहा म्हटलं की भांडायची, आणि हजेरीला पुन्हा अंगठा बुडवायची.

एकदा मी चिडलो. "आत्या, जन्मभर कुनाला मापात मारू दिलं न्हाईस, आन् आता सोताच खोटं माप घेतीस?"

ती पाटी पुसत राहिली. "धा दिले तर उठावं लागंल. तुजा मामा, माजा मालक, गेला. पोरगं ऊस तोडाया गेलं ते तिकडंच ऱ्हायलं. खोपटात एकटी कुनासंगं बोलू रं?"

दुसऱ्या दिवशी मी माझा नियम मोडला. दहा मिळवणाऱ्यानं उठायचं नाही. नव्या माणसाशेजारी बसून त्याच्या पाटीचं माप त्याच्यासोबत घ्यायचं.

त्या दुपारी आत्यानं स्वतःला दहा दिले आणि पाटी शेजारणीच्या मांडीवर ठेवली. शनिवारी हजेरीपटावर तिनं अंगठ्याच्या जागी नाव लिहिलं. आमच्या घरातली ती दुसरी सही.